मुंबईस जावे, पण उतरावे कोठे?

मुंबईस जाण्याचे प्रसंग आपल्या घरांतून कमी झालेले नाहीत, वाढलेच आहेत. कोणास परळच्या टाटा रुग्णालयात दाखवावयाचे असते, कोणाच्या मुलास परीक्षेस बसावयाचे असते, कोणास अमेरिकेतील लेकीच्या बाळंतपणास जाण्यासाठी व्हिसाच्या मुलाखतीस हजर राहावयाचे असते, तर कोणी सुनेला व नातवंडांना एकदा समुद्र दाखवावा एवढ्याच हेतूने निघतो. गाडीचे आरक्षण होते, शेवेचे पुडे बांधले जातात आणि मग निघण्याच्या चार दिवस आधी घरात प्रश्न निघतो, की उतरावयाचे कोठे?

एके काळी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो वा बेळगाव, मुंबईत प्रत्येकाचे कोणी ना कोणी असे, आणि ते बहुधा गिरगाव, दादर, परळ वा लालबाग यांच्या पलीकडे राहत नसे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आधीच आठ माणसे नांदत असत. त्यांत आणखी चार सामावत. पुरुषांची अंथरुणे चाळीच्या गॅलरीत पडत, बायका व मुले आतल्या खोलीत दाटीवाटीने निजत, आणि पहाटे नळाला पाणी आले की सर्वांनाच उठावे लागे. त्या पाहुणचाराचे ऋण मोठे आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांची शिक्षणे, नोकऱ्या आणि विवाह त्या गॅलरीतल्या अंथरुणावरून जमलेले आहेत.

परंतु ती मुंबई आता राहिली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मुलांची लग्ने झाली तशी चाळीतील खोली अपुरी पडू लागली आणि मधल्या फळीतील मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार अशी दूर दूर सरकत गेली. आपले आप्त आजही मुंबईस असतात, असे आपण म्हणतो. पण त्यांच्या दारापासून बोरीबंदर गाठावयास दीड-दोन तास लागतात. दुसरीकडे, घरातील तरुण मंडळी मोबाईलवर पाचपंचवीस हॉटेलांची चित्रे काढून दाखवितात आणि जे स्वस्त व चकचकीत दिसेल ते ठरवून टाकतात. जुनी रीत आणि ही नवी रीत, या दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे वस्तीचा विचार.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की मुंबईत आपण ज्या वस्तीत उतरतो तेवढीच मुंबई आपल्या वाट्यास येते. आपले काम सुखाने होणार की हालअपेष्टांनी, आपला रोगी दमणार की विसावणार, आणि आपली नातवंडे मुंबईविषयी काय मत घेऊन परतणार, हे सर्व वस्तीच्या निवडीने ठरते. म्हणून खोलीचे भाडे पाहण्यापूर्वी वस्ती पाहावी, आणि वस्ती पाहण्यापूर्वी आपले काम पाहावे.

मुंबईतील अंतर कसे मोजावे?

आपल्या गावांतून अंतर मैलांत किंवा किलोमीटरांत मोजण्याची सवय असते. इंदुरात राजवाड्यापासून कोणतीही पेठ फार दूर नसते. मुंबईची घडण निराळी. हे शहर मुळात दक्षिणोत्तर पसरलेले, लांबट आणि अरुंद असे बेट आहे. पुढे उत्तरेकडची उपनगरे त्यास जोडली गेली. रेल्वेच्या वाटाही तशाच लांबट आहेत. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे जाते. हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ठाणे-कल्याणकडे जाते, आणि हार्बर मार्ग नवी मुंबईतून पनवेल गाठतो. उत्तर-दक्षिण जाणे त्यामुळे सोपे आणि पूर्व-पश्चिम जाणे अवघड, हा मुंबईचा पहिला नियम होय. नकाशावर चार बोटांवर दिसणारे ठिकाण जर दुसऱ्या मार्गावर असेल, तर गाडी बदला, पूल चढा-उतरा, पुन्हा गर्दीत शिरा, असे सर्व सोपस्कार करावे लागतात. म्हणून मुंबईतील अंतर किलोमीटरांनी मोजू नये. गाडी किती वेळा बदलावी लागते यावरून मोजावे.

दुसरा नियम लोंढ्याचा. सकाळी साधारणतः ८ ते ११ या वेळात गर्दीचा मुख्य ओघ उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि सायंकाळी तो उलट फिरतो. अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरी येथे पुष्कळ कचेऱ्या गेल्यामुळे उलट दिशेच्या गाड्याही पूर्वीसारख्या मोकळ्या नसतात, हे खरे. तरीही विरार वा बदलापूरहून सकाळच्या जलद गाडीत शिरणे हे परगावच्या माणसाचे काम नव्हे. जो दक्षिणेकडे किंवा मध्यावर उतरला आहे, त्याचा या लोंढ्याशी सामना कमी होतो.

तिसरा नियम वाहनांचा. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस चालत नाही. त्या रेषेच्या अलीकडे दादर, परळ, गिरगाव, फोर्ट या सर्व भागांत टॅक्सी किंवा बेस्टची बस हाच आधार. उपनगरात उतरून रिक्षाने परळास जाऊ, असा बेत घरी बसून करणाऱ्यास तेथे गेल्यावर मध्येच उतरावे लागते.

चौथी गोष्ट पूर्व आणि पश्चिम यांची. मुंबईत नुसते ‘दादर’ किंवा ‘अंधेरी’ म्हणून भागत नाही. रुळांच्या एका अंगास पूर्व आणि दुसऱ्या अंगास पश्चिम. आपली खोली एका बाजूस आणि काम दुसऱ्या बाजूस असेल, तर दर खेपेस पुलाचे जिने आलेच. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांस हे जिने किती जड जातात, हे सांगावयास नको.

आपापल्या गाड्यांचा विचार

मुंबईत बाहेरगावच्या गाड्यांची शेवटची स्थानके अनेक आहेत, आणि त्यांतील एकाहून दुसऱ्याकडे जाणे हा स्वतंत्र प्रवासच असतो. आमच्या माळव्यातून जाणारी अवंतिका एक्सप्रेस मुंबई सेंट्रलला पोहोचते; तेथून गिरगाव आणि दादर दोन्ही हाताशी आहेत. ग्वाल्हेरकरांची पंजाब मेल मध्य रेल्वेने कल्याण, ठाणे, दादर करीत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. बेळगावहून जाणारी चालुक्य एक्सप्रेस दादरलाच थांबते. गोव्याकडील मांडवी व कोकणकन्या, तसेच हैदराबादची हुसेनसागर, यांनाही दादर आपले आहे. बडोदेकरांना तर पश्चिम रेल्वेच्या गाड्यांची वाणच नाही. मात्र वांद्रे टर्मिनस आणि कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस या दोन ठिकाणी येणाऱ्या गाड्यांविषयी सावध असावे. ही दोन्ही स्थानके लोकलच्या वांद्रे व कुर्ला स्थानकांहून वेगळी आहेत. सामान आणि म्हातारे माणूस बरोबर असताना तेथून लोकलपर्यंत पायी जाण्याचा विचार करू नये.

दादर स्थानकाविषयी एक सूचना. तेथील फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. पूर्वी पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून मोजले जात. आता पश्चिम रेल्वेकडील १ ते ७ आणि मध्य रेल्वेकडील ८ ते १४ असे आहेत. जुन्या आठवणीवर विसंबून कोणी फलाट सांगितला, तर स्थानकावरील पाटीच प्रमाण मानावी.

रोगी बरोबर असेल तर

आता ज्या कामासाठी सर्वांत अधिक विचार हवा, त्याकडे वळू. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली परळ येथे सुरू झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रोगी तेथे येतात. शेजारीच के. ई. एम. हे १९२६ सालचे जुने रुग्णालय आहे. आपल्या भागांतून या दोन ठिकाणी जाणारी कुटुंबे आम्ही गेल्या काही वर्षांत पुष्कळ पाहिली. उपचार एका भेटीत संपत नाहीत. तपासण्या, त्यांचे अहवाल, मग औषधांच्या वा किरणोपचाराच्या फेऱ्या, असे आठवड्यांमागून आठवडे जातात. अशा वेळी वस्तीची निवड ही सोयीची बाब न राहता उपचाराचाच एक भाग होऊन बसते.

आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांच्या पत्नीस असेच परळास न्यावे लागले. त्यांचे मावसभाऊ बदलापूरला राहतात. “आमचे घर असताना लॉजवर उतरलात तर आम्ही काय समजावे?” असा त्यांचा प्रेमाचा आग्रह. आग्रह मोडवेना. रोज पहाटे उठून लोकल, दादरला उतरून टॅक्सी, दिवसभर रांगा, आणि सायंकाळी त्याच वाटेने उलट प्रवास, असे आठ दिवस चालले. औषधाची पहिली मात्रा शरीरात गेल्यानंतर परतीच्या गाडीत त्या वहिनींना उलट्या झाल्या. डब्यातील बायकांनी त्यांना बसावयास जागा दिली, पाणी दिले. मुंबईची माणुसकी आटलेली नाही. परंतु त्या रात्री वहिनी नवऱ्यास म्हणाल्या, “मला रोगाचं भय वाटत नाही, उद्याच्या गाडीचं वाटतं.”

दुसऱ्या दिवशी आमच्या सहकाऱ्यांनी दादरच्या धर्मशाळेत चौकशी केली आणि चार दिवसांनी त्यांस जागा मिळाली. मावसभाऊ रुसले. मात्र पुढे वर्षभराने, उपचार पार पडून वहिनी घरी परतल्यानंतर, त्याच मावसभावांच्या पत्नी इंदुरास एका मुंजीसाठी आल्या होत्या. त्यांनी वहिनींचा हात हातात घेऊन सांगितले, “तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं होतं. पण खरं सांगते वन्सं, चार वाजता उठून सगळ्यांचे डबे आणि तुमचं पथ्याचं करताना माझाही जीव मेटाकुटीला आला होता. तुमच्यासमोर तोंडावर कसं आणू?” हे आमच्या सहकाऱ्यांनी आम्हांस सांगितले तेव्हा आम्हांस वाटले, की आग्रह करणारा पुरुष असतो आणि पहाटे चार वाजता उठणारी बाई असते, ही गोष्ट आपण पाहुणे म्हणून किती वेळा लक्षात घेतो?

म्हणून रोगी बरोबर असेल तर नियम एकच: रुग्णालयापासून एका टॅक्सीच्या अंतरावर राहावे. परळ, लालबाग, दादर पूर्व, नायगाव हे भाग त्या दृष्टीने योग्य. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांसाठी व त्यांच्या नातलगांसाठी आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवेची वास्तू आहे. वांद्र्यास टाटा रुग्णालयाशी संबंधित डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचे निवासस्थान आहे. या ठिकाणी जागा मागणाऱ्यांची रीघ असते. रुग्णालयाची कागदपत्रे हाती आली की रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन प्रथम हीच विचारपूस करावी, आणि जागा मिळेपर्यंतच्या दिवसांसाठी जवळचा साधा लॉज आधी ठरवून ठेवावा.

आणखी एक. टाटा मेमोरियल केंद्राचे एक मोठे केंद्र नवी मुंबईत खारघर येथेही आहे आणि काही रोग्यांना तिकडे पाठविले जाते. परळ आणि खारघर यांत फार अंतर आहे. आपणास कोठे बोलाविले आहे हे कागदावर नीट वाचूनच खोली घ्यावी. लोकलने जावेच लागले, तर दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रोग्यांसही प्रवास करता येतो, हे ध्यानात असू द्यावे.

इतर कामे आणि त्यांच्या वस्त्या

व्हिसासाठी जाणाऱ्यांची संख्या आपल्या घरांतून आता लक्षणीय आहे. अमेरिकेची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्या संकुलातील हॉटेले मोठ्या कंपन्यांच्या खर्चाने राहणाऱ्यांसाठी आहेत, पेन्शनरांसाठी नव्हेत. परंतु येथे एक नवी सोय झाली आहे. कुलाब्याकडून आरेपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये अंशतः सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिच्यावर दादर, शीतलादेवी, धारावी आणि मग वांद्रे-कुर्ला संकुल अशी स्थानके ओळीने आहेत. म्हणजे दादरला उतरलेल्या माणसास गर्दीची लोकल न पकडता तिसऱ्या स्थानकावर पोहोचता येते. मेट्रोचे दादर स्थानक रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस आणि थोडे बाजूला आहे, एवढे लक्षात ठेवावे. याच मार्गावर सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक आणि विमानतळ हीही स्थानके आहेत. ज्येष्ठांसाठी सरकते जिने व उद्वाहक आहेत. गेल्या कित्येक वर्षांत परगावच्या पाहुण्यांसाठी मुंबईत याहून मोठी सोय झालेली नाही, असे आम्हांस वाटते.

उच्च न्यायालय, मंत्रालय, विद्यापीठाची जुनी इमारत, वस्तुसंग्रहालय अशी कामे असतील, तर गिरगाव किंवा फोर्ट बरे. पवईच्या आय. आय. टी.त मुलास सोडावयाचे असेल, तर मध्य रेल्वेवरील कांजूरमार्ग-भांडुपचा भाग अथवा ठाणे पाहावे. तेथे गिरगावाचा हट्ट धरू नये. विमानाने जाऊन एका दिवसात परतावयाचे असेल, तर पारले पूर्व बरे. तेथे उतरल्याने विमानतळही जवळ आणि वस्तीही आपली.

हिंडण्यासाठी जाणाऱ्यांस

कामाचे असे ओझे नसेल आणि मुलाबाळांस मुंबई दाखवावयाची असेल, तर मात्र आमचा पक्षपात उघड आहे. गिरगाव किंवा दादर, या दोहोंपैकी एक निवडावे.

गिरगावात आजही सकाळी चर्नी रोडच्या बाजूने आत शिरले, की ज्या रस्त्यांवर आपल्या आजोबांचे बिऱ्हाड होते ते रस्ते दिसतात. चाळी कमी झाल्या, उंच इमारती आल्या, पण केशवजी नाईकांच्या चाळी तेथे आहेत. १८९३ साली मुंबईचा सार्वजनिक गणेशोत्सव जेथे सुरू झाला त्या त्याच. केळेवाडीत १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे. चौपाटीवर, जेथे १९२० साली लोकमान्यांच्या देहास अग्नी दिला गेला, तेथे त्यांचा पुतळा उभा आहे. नातवंडास समुद्र दाखवावयाचा तो येथे दाखवावा, म्हणजे समुद्राबरोबर इतिहासही दिसतो. तेथून हुतात्मा चौक फार दूर नाही. बेळगावकडील वाचकांस त्या चौकाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही.

दादर हे दोन्ही रेल्वेंचे मीलनस्थान. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या घडविल्या; म्हणून पूर्वेकडील हिंदू कॉलनीसारख्या भागांत आजही झाडांच्या सावलीचे शांत रस्ते आहेत. पश्चिमेस शिवाजी पार्क, चैत्यभूमी, फुलांचा बाजार आणि १९६५ साली उघडलेले श्री शिवाजी मंदिर नाट्यगृह. रस्त्यापलीकडे छबिलदास शाळा. तिच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकांनी एक काळ गाजविला. पूर्वेस नायगावकडे १८९८ सालच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग. भाषेच्या विद्यार्थ्यास तेथे घालविलेला एक दिवस वर्षभर पुरतो.

पारल्याचेही असेच. पूर्वेस लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून काम करीत आहे आणि दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे. ज्यांची मुले-सुना उपनगरात राहतात, त्यांनी पारल्यास उतरल्यास सर्व साधते.

आप्तांची समजूत

आता उरला तो नाजूक प्रश्न. आप्त मुंबईस असताना लॉजवर उतरणे हा त्यांचा अपमान, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. ती प्रेमातून आली हे आम्ही नाकारीत नाही. पण थोडा विचार करावा. लोकमान्य टिळकांस मुंबईत स्नेहीसोबती काय कमी होते? तरीही त्यांचा मुंबईतील मुक्काम क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात असे. सरदारगृह हे पाहुण्यांस उतरण्याचे भाड्याचे ठिकाण, आणि त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. भाड्याच्या खोलीत उतरण्यात कमीपणा असता, तर लोकमान्यांनी तो पत्करला नसता.

रीत मात्र सांभाळावी. निघण्यापूर्वीच आप्तांना दूरध्वनी करून काम काय आहे, कोठे आहे आणि म्हणून अमुक वस्तीत उतरत आहोत, हे स्पष्ट सांगावे. आधी सांगितले तर ती माहिती ठरते. नंतर कळले तर तो अपमान ठरतो. काम आटोपले की एक दिवस राखून त्यांच्या घरी जावे, जेवावे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे. येथील शेव, गजक, जे नेले असेल ते त्या घरच्या गृहिणीच्या हाती द्यावे. आणि परतताना त्यांस आपल्याकडे येण्याचे मनापासून आमंत्रण द्यावे. वर्षानुवर्षे आपणच त्यांच्याकडे जातो. ते आपल्याकडे क्वचितच येतात. नाते टिकविण्याचे खरे साधन हे आमंत्रण होय.

खोली ठरविण्यापूर्वी

जागा ठरविताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. जवळचे स्थानक कोणते, पूर्वेस की पश्चिमेस, आणि पायी किती मिनिटे? ‘दादरजवळ’ असे लिहिलेली जागा शीवला निघाल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत. इमारतीस उद्वाहक आहे का, पाणी चोवीस तास आहे का, खोलीस खिडकी आहे का, स्नानगृह स्वतंत्र आहे का, हे दूरध्वनीवर विचारण्यात संकोच करू नये. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ बाळगावे.

पावसाळ्यात जाणे टाळता येत नसेल, तर सखल भाग टाळावेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा दिवस विरळा, पण दादर पूर्वेजवळचे हिंदमाता, माटुंग्याचे किंग्ज सर्कल, अंधेरीचा भुयारी रस्ता येथे साध्या मुसळधारेतही पाणी भरते. रविवारी रेल्वेचे दुरुस्तीचे काम निघते आणि काही मार्गांवरील गाड्या बंद असतात. त्या दिवशी मोठा प्रवास ठेवू नये. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, तेव्हा दादरला जागा मिळणे कठीण. गणपतीत लालबाग-परळकडे आणि अनंत चतुर्दशीस गिरगावात वाहने जवळजवळ थांबतात. उत्सव पाहावयाचा असेल तर तेथेच उतरावे, रुग्णालयाचे काम असेल तर तारीख पाहून निघावे.

शेवटी एक गोष्ट भाषेची. आपली मुले बाहेर हिंदीत, कन्नडात वा गुजरातीत बोलतात आणि त्यात गैर काही नाही. त्या भाषांनी आपणास पोसले आहे. पण मुंबईहून परतलेली मुले “तिथे मराठी कोणी बोलतच नाही” असे सांगतात, तेव्हा त्यांना विचारावे, की तुम्ही बोललात का? मुंबईचा फुलवाला, टॅक्सीवाला वा दुकानदार गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत उत्तर देतो. दादरच्या बाजारात उभे राहून आपणच हिंदीत भाव विचारला, तर उत्तर हिंदीतच येणार. म्हणून मुलांस एवढेच सांगून न्यावे: पहिले वाक्य आपले असू द्या, आणि ते मराठीत असू द्या. उत्तर बहुधा मराठीतच येईल. आणि नाही आले, तरी विचारणाऱ्याची मराठी तेवढी अधिक पक्की झालेली असेल.